तीन आठवडे आत, एक आठवडा बाहेर

१८ जून २०१८, सोमवार

क्लासवाल्यांनी यंदा प्रत्येक पालकाला एक डायरी दिली. वर छापलंय, ‘माझ्या पाल्याची रोजची वाटचाल’. पाल्य किती वाजता उठला, किती तास बसला, मोबाइल किती वेळ हातात होता, हे सगळं पालकांनी लिहायचं. पुनमचं लिहायला दीड ओळ पुरते. साडेपाचला उठली, अकरा तास बसली, मोबाइल माझ्याकडे आहे. बाकीचं पान कोरं राहतं आणि कोरा कागद वाया घालवणं मला जमत नाही. म्हणून उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार. तपासायला मागितली तर हरवली म्हणून सांगेन.

मी सिंधु. वय छत्तीस. गाव बिलोली तालुक्यात, मुक्काम सध्या लातूर. पुनमला डॉक्टर करायचं म्हणून मागच्या वर्षी तिला घेऊन इथे खोली केली. या गल्लीत सगळ्या आयाच राहतात. कुणी देगलूरची, कुणी परभणीची. नवरे गावाकडे, लेकरं क्लासला आणि आया डब्यात आज काय द्यायचं या चिंतेत.

खोली चांगली आहे, फक्त दाराला आतून कडी नाही. घरमालकीण कमरुन्निसा आपा. त्र्याण्णवच्या भूकंपात पहाटे त्यांच्या दाराची कडी अडकली आणि आपा अर्धा तास आत ओरडत राहिल्या. बाहेर आल्या त्या पहिल्यांदा घरातल्या सगळ्या कड्या उचकटून भंगारात घालूनच थांबल्या. पंचवीस वर्षं झाली, जमीन गप्प बसली, आपा काही बसल्या नाहीत. भाडेकरूला पहिली अट हीच: दार नुसतं लोटायचं.

२४ जून, रविवार

पुनम: टेस्ट सकाळी सात ते एक. नंतर अभ्यास सहा तास.

हे पहिल्या एसटीने आले. चार तासांचा प्रवास करून दहाच्या आत दारात. ज्वारीचं पोतं घेऊन आले. मागच्या रविवारीही ज्वारीच आणली होती.

“एवढी ज्वारी कोण खाणार हो?”

“पुनमला लागती की. डोक्याचं काम हाय तिचं.”

पुनमला पोळी लागते हे सतरा वर्षांत यांच्या लक्षात आलेलं नाही. असो. पोतं आम्ही दारामागे ठेवलं, म्हणजे वाऱ्याने दार उघडत नाही. आज वारा नव्हता, पण लातूरच्या वाऱ्याचा काही भरवसा नाही.

बिलोलीच्या घरात आम्ही अकरा माणसं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आम्हा दोघांनाच अशी खोली कधी मिळालीच नाही. मधे साडीचा पडदा आणि पडद्यापलीकडे मोठे दीर खोकत असायचे. यांनी माझ्याशी पूर्ण वाक्य बोललेलं मी लातूरला येऊन ऐकलं. माणूस बरं बोलतो.

२ जुलै, सोमवार

पुनम: अकरा तास.

मागच्या महिन्यात पाळीला चार दिवस उशीर झाला होता. चार दिवस मला भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नव्हतं. अठरा तारखेला सगळं ठीक झालं, पण धास्ती अजून गेलेली नाही. त्या दिवशी मी मोरीत बसून रेणुकामातेला हात जोडले आणि मग जीभ चावली. कारण त्याच रेणुकामातेला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नातवासाठी नवस बोललेला आहे. दर वर्षी माहूरला जाऊन आठवण देऊन येतात. पुनमनंतर मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पडलं. आत्याबाईंनी आशा सोडलेली नाही.

मी आत्ता राहिले तर काय होईल ते मला चित्रासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप येईल. मला उशीला टेकवून बिलोलीला नेतील. खोली सुटेल. पुनम अकरा माणसांच्या घरात बसून ऑरगॅनिक केमिस्ट्री करेल आणि मधूनमधून चहा करेल. दहावीला त्र्याण्णव टक्के घेतलेल्या पोरीचा असा खेळखंडोबा मी होऊ देणार नाही.

हे सगळं पुनमसाठी आहे.

५ जुलै, गुरुवार

पुनम: साडेदहा तास.

बायकांच्या डॉक्टर जेबांकडे जाऊन आले. तरुण आहेत, पण ओरडत नाहीत. बीपी बघितलं, तंबाखू खाता का विचारलं, पाय सुजतात का, डोकं अर्धं दुखतं का, सगळं विचारलं.

तांबी नको म्हटलं, मागे बसवली होती तेव्हा अंगावरून इतकं जायचं की कपडे धुऊन हात गळाले होते. गोळी रोजच्या रोज घ्यायची आणि आमच्या एका खोलीत पुनमच्या नजरेतून टाचणी सुटत नाही. ऑपरेशन करावं तर इथे कुणी ओळखीचं भेटायचं आणि मी शुद्धीवर यायच्या आत बातमी बिलोलीला पोचायची.

मग त्यांनी रिंग दाखवली. बांगडीपेक्षा लहान, मऊ, पारदर्शक. आपली आपण आत बसवायची. तिच्यातून औषध थोडं थोडं सुटत राहतं.

“तीन आठवडे आत ठेवायची, मग काढून टाकायची. एक आठवडा काही नाही, त्यात पाळी येईल. आठव्या दिवशी नवी बसवायची. सात दिवसांच्या वर एक दिवस जाऊ द्यायचा नाही.”

मी म्हटलं, “म्हणजे पुनमच्या क्लाससारखंच. तीन आठवडे पोर्शन शिकवायचा, चौथा आठवडा टेस्ट.”

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, “लक्षात ठेवायला तसं ठेवा. पण तारीख लिहून ठेवा.”

मला तारखा कशाला लागतात? पुनमच्या क्लासचं टाइमटेबल भिंतीवर आहे. गेल्या वर्षभरात ते सूर्याइतकं वेळेवर चाललंय.

१६ जुलै, सोमवार

पुनम: नवा पोर्शन सुरू. सकाळीच गेली.

आणि माझी पाळीही आजच सुरू झाली. याला म्हणतात योग. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच बसवा म्हणून सांगितलं होतं.

पहिल्या वेळी चिमटीत धरून दाबली तर सटकन उडाली आणि पुनमच्या फिजिक्सच्या नोट्सवर जाऊन पडली. न्यूटनचा कुठला तरी नियम तिथे लिहिलेला होता. धुऊन घेतली. दुसऱ्यांदा एक पाय बादलीवर ठेवून, दात आवळून, देवाचं नाव घेऊन प्रयत्न केला. देवाचं नाव अर्धं झालं आणि काम झालं. नंतर चालून बघितलं, बसून बघितलं, भाकरी थापून बघितली. काही कळत नाही. एवढ्यासाठी मी बारा दिवस घाबरत होते.

टाइमटेबलच्या कडेला पेन्सिलने एक गोल काढला आणि पुनम परीक्षेत भरते तसा काळा केला. काळा म्हणजे आत. कोरा म्हणजे बाहेर.

२२ जुलै, रविवार

पुनम: टेस्ट झाल्यावर लायब्ररीत बसली, अडीचला आली. म्हणाली, आता दर रविवारी अडीचलाच येणार, घरी अभ्यास होत नाही. पोरीला अभ्यासाची गोडी लागली. बरं वाटलं.

यांना रिंगचं सांगितलं. ऐकून दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसले. मग विचारलं,

“तू खाली बसतीस तवा टोचत न्हाई का?”

“न्हाई.”

“मला काय हुईल का?”

“तुमाला काय होणारंय?”

“म्हंजी, आडकलं बिडकलं तर? लातुरात कुणाला दाखवावं?”

मी इतकी हसले की आपांनी बाहेरून “क्या हुआ गे?” विचारलं. यांनी आज भोपळा आणला होता. भोपळा बिलोलीहून आणायची वस्तू आहे का?

१४ ऑगस्ट, मंगळवार

पुनम: अकरा तास.

दुसरी रिंग काल वेळेवर बसली. बाकीच्या रिंगा आपांच्या फ्रिजमध्ये आहेत. तो फ्रिज व्हरांड्यात असतो, सगळ्या भाडेकरणींचा सामाईक. मी स्टीलच्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावली, ‘कारल्याची भाजी’. कारल्याला कोण हात लावतं?

आपा लावतात. त्यांना साखरेचा आजार आहे हे मला कसं आठवलं नाही? दुपारी डबा हातात घेऊनच दारात आल्या.

“सिंधु, ये कैसा कारला गे?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आपांनी डबा नीट बंद केला आणि माझ्या हातात दिला.

“मेरी बहू भी रखती. घबरा नक्को. चिठ्ठी बदल, हौर ज्वारीका पोता जरा आहिस्ता सरकाया करो. फरशी घासती तो मेरे कमरेमें सुनने आता.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर घरमालकिणीकडे गॅसबत्ती निघाली. आता चिठ्ठीवर ‘जुलाबाचं औषध’ लिहिलंय.

२ सप्टेंबर, रविवार

पुनम: अडीचला आली.

हे म्हणाले, आत्याबाईच यांना दर रविवारी पाठवतात. पेरणी, फवारणी, काही असो, शनिवारी सगळ्यांच्या देखत सांगतात, “वैजनाथ, उद्या लातूरला जा. मला नातू बघायचाय.” दीर हसतात. हे मान खाली घालून पिशवी भरतात. बरोबर माहूरचा अंगाराही दिलाय, मला लावायला.

म्हणजे त्यांच्या पाठवण्यावर हे येतात, आणि त्यांनी ज्यासाठी पाठवलं ते मी जुलाबाच्या औषधाने अडवते. मला पाप लागत असेल. अंगारा कपाळाला लावला, रिंगला लावला नाही.

यांनी आज मेथी आणली.

१९ सप्टेंबर, बुधवार

पुनम: दहा तास.

नळाला आठ दिवस पाणी नाही. सकाळी टँकर आला आणि सगळ्या आया घागरी घेऊन धावल्या. मी दोन भरलेल्या घागरी एकदम उचलल्या. जोर लावला आणि काहीतरी घसरल्यासारखं वाटलं.

मी तशीच, पाय एकमेकांना चिकटवून, दोन घागरी घेऊन, घरापर्यंत आले. देगलूरच्या बाई मागून विचारत होत्या, “पाय मुरगळला का हो?” मी हो म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाहेर आली तर गार पाण्याने धुऊन तीन तासांच्या आत परत. पिण्याच्या जारमधलं तांब्याभर पाणी त्यासाठी खर्च केलं. लातुरात तांब्याभर पाणी म्हणजे काय ते लातूरकरांनाच माहीत.

संध्याकाळी देगलूरच्या बाई पायाला लावायला तेल घेऊन आल्या. लावून घ्यावं लागलं.

१ ऑक्टोबर, सोमवार

पुनम: टेस्ट वीक सुरू.

रिंग काढली. गोल कोरा केला. माझाही टेस्ट वीक.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

पुनम: रडत होती, तास मोजले नाहीत.

क्लासचे शंकरप्पा सर नांदेडला पळाले. तिथल्या एका क्लासने ओढून नेलं म्हणतात. पुनमची मैत्रीण सांगत होती, नांदेडच्या स्टेशनसमोर सरांचा दोन मजली उंच फोटो लागलाय, हाताची घडी घालून. लातुरात सर कधी हसले नाहीत, तिथे फोटोत हसतायत.

क्लासमध्ये नोटीस लागली: नवे फिजिक्सचे सर येईपर्यंत टेस्ट वीक वाढवण्यात येत आहे. पुढचा पोर्शन सोमवार १५ तारखेपासून.

९ ऑक्टोबर, मंगळवार

पुनम: आठ तास. चिडचिड.

मी तिला म्हटलं, टेस्ट वीक वाढला ते बरंच झालं, तेवढीच सवड. तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “आई, क्लासचं टाइमटेबल बदललं म्हणून कॅलेंडर बदलत नसतंय.” मग भिंतीवरच्या टाइमटेबलकडे बघितलं आणि लाल होऊन निघून गेली.

टेन्शनमध्ये पोरं काहीही बोलतात. तिला बदाम भिजवून दिले.

१० ऑक्टोबर, बुधवार

पुनम: डाउट क्लास, एकपर्यंत.

आज घटस्थापना. हे बुधवारचे कसे आले? म्हणाले, घरी घट बसलेत, रविवारी निघता येणार नाही, म्हणून आजच आलो. कोथिंबीर आणली. चार तास एसटीत मांडीवर धरून आणली, त्यामुळे कोमेजली होती. तिची चटणी केली.

आज वारा सुटला होता.

१५ ऑक्टोबर, सोमवार

पुनम: नवा पोर्शन सुरू. नवे सर आले.

पुनम गेल्यावर नवी रिंग घ्यायला फ्रिज उघडला. फ्रिजच्या दारावर आपांचं कॅलेंडर आहे, त्यावर गॅसच्या तारखा लिहिलेल्या असतात. सहज बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन. चौदा.

चौदा दिवस. डॉक्टरांनी सात सांगितले होते. आणि दहा तारखेला कोथिंबीर.

शंकरप्पा सर नांदेडला गेले म्हणून लातुरात मला दिवस जाणार! असा गाढवपणा साऱ्या मराठवाड्यात आजवर कुणी केला नसेल. मी पुनमला उठता बसता सांगते, प्रश्न नीट वाच, मग गोल काळा कर.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

पुनम: माहीत नाही.

डॉक्टर जेबा रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. घाईच्या गोळीची मुदत तीन दिवसांची, ती टळून गेली. सध्या लगेच तपासून उपयोग नाही. आजच नवी रिंग बसवा, सात दिवस यांना लांब ठेवा आणि त्या दहा तारखेपासून तीन आठवड्यांनी, म्हणजे ३१ तारखेला टेस्ट करा, असं म्हणाल्या.

“आणि सिंधुताई, यापुढे क्लासचं टाइमटेबल बघू नका.”

क्लासमध्ये चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा होतो. इथे चुकलं तर एक वाढतो.

२१ ऑक्टोबर, रविवार

पुनम: अडीचला आली.

यांना सांगितलं. वाटलं खूश होतील, आत्याबाईंचे लेक शेवटी. तर खाली बसले.

“मंग तुला बिलोलीला यावं लागंल?”

“हाव.”

“अन् ही खोली?”

“सोडावी लागंल.”

यांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. पुनमच्या शिक्षणाची यांना किती काळजी आहे! मी उगीच समजत होते की बापाला काही वाटत नाही.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

पुनम: अकरा तास.

यांचा फोन आला. काल कोजागिरीला घरी कुणाला न सांगता हे माहूरला जाऊन आले. सगळा गड चढून देवीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, आई, आमच्या मातोश्रींनी जे मागितलंय ते चांगलंच आहे, पण यावेळी थोडं थांबव.

म्हणजे देवीसमोर आता एकाच घरातले दोन अर्ज, एकमेकांच्या विरुद्ध. तिसरा मी मोरीतून केलेला वेगळाच. ती तरी काय करणार?

२९ ऑक्टोबर, सोमवार

पुनम: अकरा तास.

मोठ्या जावेचा फोन. यांच्या शर्टाच्या खिशात माहूरचं कुंकू सापडलं. आत्याबाईंनी लगेच हिशेब जुळवला: ज्या पोराला ओढून देवळात न्यावं लागतं तो आपल्या पायाने माहूरला गेला, म्हणजे नवस फेडायला गेला, म्हणजे सिंधुला दिवस गेले. काल दुपारपासून घरात डिंकाचे लाडू चाललेत. बुधवारी जीप करून लातूरला निघणार.

बुधवारी ३१ तारीख आहे.

देवा, लाडू किती केलेत ते विचारायचं राहिलं.

३१ ऑक्टोबर, बुधवार

पुनम: क्लासला. मुद्दाम लवकर पाठवली.

टेस्टचं किट काल आपांनी आणून दिलं होतं. सकाळी आठची वेळ ठरवली होती, पण घाईत पहिलं किट हातातून निसटून बादलीत पडलं. आपा दुसरं आणायला गेल्या आणि जीपचा हॉर्न वाजला.

आत्याबाई पहाटेच निघून आल्या. लाडवांचा डबा, बाळंतविडा, नऊवारीचं मऊ जुनेर, सगळं घेऊन आल्या. माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि बसायला काही नव्हतं म्हणून ज्वारीच्या पोत्यावर बसल्या. त्याच पोत्यावर. आपा परत आल्या, त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं आणि पदरात तोंड खुपसून किट माझ्या हातात सरकवलं.

मी आत गेले. पाच मिनिटं थांबायचं असतं. दाराबाहेर आत्याबाई आपांना सांगत होत्या, पोरगा झाला तर माहूरला चांदीचा पाळणा वाहणार आणि खोली आजच खाली करणार.

एकच रेघ आली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एकच रेघ.

मला वाटलं होतं मी हसेन. मी रडले. आधी सुटले म्हणून रडले. मग ते पडलेले दोघं आठवले म्हणून रडले. मग बाहेर जाऊन त्या म्हातारीला काय सांगायचं म्हणून रडले. तोंड धुऊन बाहेर आले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दिवस गेलेले नाहीत. जाऊ नयेत म्हणून मी जुलैपासून रिंग वापरते. तुमचा अंगारा लावते आणि रिंगही वापरते. पुनमची बारावी आहे आणि मला आता लेकरू नको आहे, पुनमच्या नंतरही नको आहे.

हे शेवटचं वाक्य माझ्याही मनात नव्हतं, ते बाहेर पडल्यावर मला कळलं.

आत्याबाईंनी लाडवांचा डबा मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाल्या, “दाखव.”

आपांनी फ्रिजमधून जुलाबाच्या औषधाचा डबा आणला. आत्याबाईंनी पाकीट न फोडता उजेडाकडे धरून बघितलं.

“येवढुशी? अन् ही ठिवली की न्हाई ऱ्हात?”

“ठेवलेली वेळेवर बदलली तर न्हाई ऱ्हात.”

“मला नऊ झाली. पाच जगली.” पाकीट डब्यात ठेवून त्यांनी झाकण लावलं. “पाळण्याचं मी देवीला सांगते. पुनम डाक्टर झाली की तिच्या नावानं वाहू. देवीला तरी कुठं पोरगाच पायजे म्हणून लिहून दिलं होतं?”

मी पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, “आत्याबाई, आता तुम्ही यांना दर आठवड्याला पाठवायचं बंद केलं तरी चालंल.”

तेव्हा त्या हसल्या. या बाईला हसताना मी अठरा वर्षांत तीनदा पाहिलंय.

“येडे, मी कशाला पाठवती? तू हिकडं आल्यापसून त्याचं तिकडं कशात ध्यान लागंना. जेवायला बसला की ताटाकडं बघत ऱ्हायचा. भाऊ हसायले, बायकोमागं लागला म्हणायले. मंग मीच सांगायला लागले, मी पाठवती म्हणून. आईचा हुकूम म्हटल्यावर कोण हसंल?”

लाडू आपांच्या घरी, देगलूरच्या बाईंकडे आणि आमच्याकडे असे वाटले. जीप दुपारी परत गेली. मी तेव्हापासून पोत्याजवळ बसून आहे आणि मला कामच सुचत नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार

पुनम: क्लासला. आज शनिवार असूनही म्हणाली, टेस्टनंतर लायब्ररीत बसते, अडीच वाजतील. शनिवारी टेस्ट नसते. काल रात्री यांचा फोन आला तो तिनेच उचलला होता, मला काही सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, तिने बुटाची लेस बांधली. दर रविवारच्या त्या अडीचचा आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

परवा सोमवारी दिवाळीसाठी आम्ही दोघी बिलोलीलाच निघणार. पिशव्या भरून ठेवल्यात. सगळ्यांना माहीत आहे, यांनाही माहीत आहे.

दहा वाजता दार लोटून हे आत आले. मी हातांकडे बघितलं. ज्वारी नाही, भोपळा नाही, मेथी नाही. पिशवीच नाही. चार तास एसटीत उभे राहून आले होते, दिवाळीची गर्दी.

म्हटलं, “परवा आम्ही येणारच होतो की. काय काम काढलं?”

“काम न्हाई.”

“आत्याबाईंनी पाठवलं?”

“न्हाई. आईला सांगून आलो.”

“मग काय सांगितलंत?”

उंबऱ्यात उभे राहून चपला काढत राहिले, जणू त्यांना दहा पट्टे होते. कान लाल झाले होते. चाळिशी गाठलेला माणूस.

“सिंधुकडं चाललो म्हणलं.”

हे सगळं पुनमसाठी आहे असं मी या डायरीत लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे, आणि खोडून दुरुस्त करायला आत्ता मला वेळ नाही.